गर्भपिशवी काढायचं ऑपरेशन दुर्बिणीतून केलं, त्या हॉस्पिटलबद्दल सविस्तर

ऑपरेशन होऊन साडेचार महिने झाले, आता लिहायला बसलेय. आधी मुद्दामच लिहिलं नाही कारण घरी आल्या आल्या एकतर सगळंच छान वाटतं नाहीतर सगळंच वाईट वाटतं, खरं काय ते नंतर कळतं. हॉस्पिटल पुण्यात एरंडवण्यात आहे, मेन रोडवरून आत गल्लीत, वीस-बावीस बेडचं, डॉक्टर बाई आहेत. नाव टाकत नाहीये कारण कौतुकाबरोबर दोन तक्रारीपण आहेत आणि त्या मी त्यांना समोर बसून सांगितल्यात, त्यांनी ऐकून घेतल्यात. पण जे अनुभवलं ते सगळं लिहिते, कारण मी जेव्हा शोधत होते तेव्हा मराठीत नीट काही सापडत नव्हतं, सगळीकडे नुसतं "कमी वेदना, लवकर घरी" एवढंच.

माझं वय ४६. धायरीत पोळीभाजी केंद्र आहे, पहाटे पाचला कणीक भिजवण्यापासून सुरुवात आणि दुपारी दोनपर्यंत उभंच. तीन वर्षं अंगावरून प्रचंड जात होतं, आठ-आठ दिवस, गाठी पडायच्या, पाळीच्या दिवसांत काउंटर सोडून दर तासाला आत पळायचं. जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ७.९. सोनोग्राफीत निघालं अ‍ॅडेनोमायोसिस, म्हणजे पिशवीच्या आतलं अस्तर तिच्या स्नायूत शिरतं आणि पिशवी सुजून जाड होते. माझी १२ आठवड्यांच्या गरोदरपणाएवढी झाली होती. शिवाय डाव्या बीजकोशावर ४ सेंटीमीटरची चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ.

लगेच ऑपरेशनला गेले नाही हेही सांगते. आधी ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या झाल्या, त्याने त्या त्या महिन्यापुरतं कमी व्हायचं. मग मिरेना बसवली, तांबीसारखीच दिसते पण तिच्यात लिव्होनॉरजेस्ट्रेल हॉर्मोन असतं, ते पिशवीत थोडं थोडं सुटत राहतं आणि अस्तर पातळ होतं. पाच महिने इतकी सुखात होते की काय सांगू, आणि सहाव्या महिन्यात जोरात पाळी आली आणि त्यात ती आपोआप बाहेर पडली. पिशवी मोठी असली की असं होऊ शकतं म्हणे. पण माझ्या मावसबहिणीला त्याच मिरेनाने ऑपरेशन टळलंय, त्यामुळे ज्यांना कुणी थेट पिशवी काढायला सांगितलंय त्यांनी आधी हे विचारून बघाच.

तर मिरेना पडल्यावर तीन डॉक्टर झाले. पहिले घराजवळचे. त्यांनी रिपोर्ट दोन मिनिटं बघितले आणि म्हणाले दोन मुलं झाली ना ताई, आता पिशवीचं काय काम, पोट उघडून काढून टाकू, बीजकोशपण काढू म्हणजे पुढची कटकट नाही. मी विचारलं दुर्बिणीतून नाही का होणार, तर म्हणाले मोठी आहे, नाही होणार. संपलं. बाहेर येऊन रिक्षात बसले तेव्हा माझ्या डोळ्यात पाणी होतं, ऑपरेशनच्या भीतीने नाही, "काय काम" या शब्दाने.

हे का लागलं ते सांगते. माझ्याकडे पोळ्या लाटायला एक ताई येते, मूळची बीड जिल्ह्यातली, ऊसतोडीला जायची. सत्ताविसाव्या वर्षी तिची पिशवी काढलीय, सोबत बीजकोशही. आज चाळिशीसुद्धा नाही पण कंबर धरूनच उठते, हाडं ठिसूळ झालीत. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या या ऑपरेशनांवरून एवढा गदारोळ झाला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली, ते सगळं आपण पेपरात वाचलं. मी ते रोज सकाळी समोर बघते. म्हणून पिशवी काढायला माझी ना नव्हती, पण मला कुणीतरी नीट सांगायला हवं होतं की का काढायची, काय ठेवायचं आणि कुठून काढायची.

दुसरं मोठं हॉस्पिटल. तिथे आधी एक मॅडम पॅकेजचा कागद घेऊन बसल्या, रोबोटिक सर्जरी, २ लाख ९० हजार. डॉक्टर भेटले, सभ्य होते, पण रोबोटच का, साध्या दुर्बिणीने का नाही, याचं उत्तर "लेटेस्ट आहे" यापुढे गेलं नाही. आमच्या ह्यांना मात्र ते पटलं होतं, ते म्हणाले अगं पुण्यात डॉ. शैलेश पुणतांबेकरांच्या टीमने २०१७ मध्ये देशातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण केलं, आईची पिशवी काढून मुलीला बसवली, आणि तीसुद्धा दुर्बिणीतून काढली होती, मग आपणही चांगल्यातलं चांगलं करू. मी त्यांच्या गॅलक्सी केअर हॉस्पिटलला गेले नव्हते, पण ह्यांच्याच बोलण्यातून माझ्या डोक्यात आलं की एवढं नाजूक काम साध्या दुर्बिणीने होतं तर माझी १२ आठवड्यांची पिशवी का नाही होणार.

तिसऱ्या या बाई. फक्त कन्सल्टिंगसाठी पाच स्टार देईन. पावणेदोन तास थांबावं लागलं हे खरं, पण आत गेल्यावर चाळीस मिनिटं दिली. आधी हाताने तपासणी केली. पहिल्या दोन ठिकाणी कुणी तपासलंच नव्हतं, नुसते रिपोर्ट बघितले होते, आणि बाईंचं म्हणणं कुठून काढायची हे अर्धंअधिक या तपासणीतच ठरतं, पिशवी किती हलते, किती खाली येते, मागे चिकटलीय का. मग प्रिस्क्रिप्शनच्या पॅडची पाठ घेऊन चित्र काढलं, पिशवी, दोन्ही बाजूला नळ्या, बीजकोश, पुढे लघवीची पिशवी. आणि दोन्ही बाजूंनी एक एक बारीक रेघ, ती किडनीकडून येणारी लघवीची नळी. म्हणाल्या "पिशवीची रक्तवाहिनी वरून जाते आणि ही नळी तिच्या खालून, लकडी पुलाखालून मुठा जाते ना तशी, आणि आम्हाला नेमका तो पूल कापायचा असतो, नदीला धक्का न लावता." तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

त्यांनी सांगितलं ते माझ्या भाषेत. पिशवी काढायच्या तीन वाटा. पोटावरून मोठा छेद घेऊन, खालून म्हणजे योनीमार्गातून, नाहीतर दुर्बिणीतून. सगळ्यात कमी त्रासाची खालूनची, पोटावर एकही छेद नाही, बहुतेक वेळा कमरेत इंजेक्शन देऊन होते, खर्चही कमी. अंग बाहेर आलेलं असेल तरच खालून काढतात असं आपल्याकडे सगळ्यांना वाटतं, पण तसं नाहीये, पिशवी जागेवर असली तरी काढता येते, तिला एनडीव्हीएच म्हणतात. जगभरचे डॉक्टर पण हेच सांगतात की खालून शक्य असेल तर आधी खालून, नाही जमणार तर दुर्बीण, आणि पोट उघडणं सगळ्यात शेवटी. दुर्बिणीतून पिशवी काढायला सुरुवातच झाली १९८८ मध्ये अमेरिकेत, खालूनची पद्धत त्याच्या कितीतरी आधीची. मला हे ऐकून धक्काच बसला कारण दोन डॉक्टरांनी खालूनचा शब्दसुद्धा काढला नव्हता.

मग मी म्हटलं खालूनच करा. तर त्या म्हणाल्या तुमच्या बाबतीत नको. माझं पहिलं बाळंतपण नॉर्मल, दुसरं सिझर. सिझर झालं म्हणून खालून होतच नाही असं नाही, पण लघवीची पिशवी पुढे चिकटलेली असू शकते. आणि खरं कारण ती चॉकलेट सिस्ट, ती असली की आत आतडं, बीजकोश, पिशवीची मागची बाजू एकमेकांना चिकटलेली असण्याची शक्यता जास्त, ते खालून हात घालून दिसणार नाही, दुर्बिणीने डोळ्यांसमोर बघून सोडवायला लागेल. म्हणून पूर्ण दुर्बिणीतून, टीएलएच. रोबोटचं विचारलं तर स्पष्ट म्हणाल्या की रोबोट काही स्वतः ऑपरेशन करत नाही, डॉक्टरच बाजूला बसून त्याचे हात चालवतो, कॅन्सर नसलेल्या पिशवीत साध्या दुर्बिणीपेक्षा निकाल चांगला येतो असं काही दिसलेलं नाही, खर्च मात्र बराच वाढतो. आणि हेही न विचारता सांगितलं की लघवीच्या नळीला किंवा लघवीच्या पिशवीला इजा व्हायचा धोका दुर्बिणीत थोडा जास्त असतो, शेकड्यात एखाद्या बाईला होऊ शकतो, आणि आत फारच चिकटलेलं निघालं तर पोट उघडायला लागेल, त्याची तयारी ठेवा. धोका आधी सांगणारा डॉक्टर मला जास्त विश्वासाचा वाटतो.

बीजकोशांचं म्हणाल्या सिस्ट काढू, बीजकोश ठेवू, अजून काम करतायत, ते काढले तर एका रात्रीत पाळी जाण्याचे सगळे त्रास सुरू होतात आणि हाडांना, हृदयाला त्यांचा आधार जातो. गर्भनळ्या मात्र काढू, कारण बीजकोशाचा म्हणतात तो कॅन्सर पुष्कळदा नळीच्या टोकापासून सुरू होतो असं आता कळलंय.

मी एक प्रश्न अगदी बाळबोध विचारला, एवढी मोठी पिशवी अर्ध्या इंचाच्या भोकातून बाहेर कशी येणार? त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या हा प्रश्न सगळ्यांनी विचारायला पाहिजे. वरून सगळं सोडवायचं आणि पिशवी योनीमार्गातून बाहेर काढायची, मोठी असेल तर तिथेच तुकडे करून. काही ठिकाणी पोटातच मशीनने बारीक करून काढतात, त्याला मॉर्सिलेशन म्हणतात, त्यात न कळलेला कॅन्सर असेल तर तो पोटभर पसरू शकतो म्हणून अमेरिकेच्या एफडीएने २०१४ मध्ये इशारा दिला होता, आता करायचंच तर वेगळ्या बंद थैलीत घालून करतात. माझ्या अस्तराचा तुकडा त्यांनी आधीच तपासायला पाठवला, रिपोर्ट साफ आल्यावरच तारीख दिली.

तारीखसुद्धा लगेच नाही दिली. ७.९ वर मी ऑपरेशन करणार नाही म्हणाल्या. सलाईनमधून लोहाची दोन इंजेक्शनं आठवड्याच्या अंतराने आणि पाळी थांबवायच्या गोळ्या, पाच आठवड्यांनी हिमोग्लोबिन १०.८. या पाच आठवड्यांत मला पहिल्यांदा कळलं की मी किती वर्षं दमलेली होते, केंद्रावरचा जिना एका दमात चढले तर लाटणारी ताईच म्हणाली की काकू आज घाईत काय.

आता तक्रार पहिली, आणि ती मोठी आहे. आदल्या संध्याकाळी अ‍ॅडमिट झाले, आठ वाजता सिस्टरने संमतीचा फॉर्म आणला, तीन पानं, सगळी इंग्रजीत, आणि म्हणाली इथे इथे सह्या करा. मी बारावी शिकलेय, मला वाचता येतं, पण "यूरेटेरिक इंजुरी" रात्री आठ वाजता उपाशीपोटी नाही कळत. मी सही केली नाही. म्हटलं कुणीतरी वाचून मराठीत सांगा. सिस्टर जरा वैतागली, बाकी सगळे करतात हो. शेवटी ज्युनिअर डॉक्टर आले, वीस मिनिटं बसून ओळ न् ओळ सांगितली, आणि त्यात एक ओळ निघाली "गरज वाटल्यास बीजकोश काढण्यास संमती". मी म्हटलं बाईंचं आणि माझं ठेवायचं ठरलंय. त्यांनी बाईंना फोन लावला, ती ओळ खोडून त्याऐवजी लिहिलं की कॅन्सरची शंका आली तरच, आणि बाजूला सही घेतली. बाईंच्या मनात काही नव्हतं, तो छापील फॉर्म होता, मला मान्य आहे. पण कन्सल्टिंगमध्ये चाळीस मिनिटं मराठीत समजावणाऱ्या हॉस्पिटलचा फॉर्म इंग्रजीत का? एरंडवण्यात मराठी टाइप करून देणारा मिळत नाही का?

ऑपरेशनचं मला काय आठवणार, पूर्ण भूल होती. अडीच तास लागले. बाहेर येऊन बाईंनी ह्यांना आणि माझ्या मोठ्या जाऊबाईंना मोबाईलवर फोटो दाखवले, डावा बीजकोश मागे आतड्याला चिकटलेलाच होता, तो सोडवायला वेळ गेला. म्हणजे खालून नको म्हणाल्या ते बरोबरच होतं.

जागी झाले तर पोटापेक्षा उजवा खांदा दुखत होता. भयंकर. मला वाटलं टेबलवर हात वेडावाकडा पडला की काय, मग हार्ट अ‍ॅटॅकचं मनात आलं आणि घाबरून रडायला लागले. तेव्हा सांगितलं की पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात, तो थोडा आत राहतो, छातीच्या पडद्याला लागतो आणि पडद्याची नस मानेतून येते म्हणून खांदा दुखतो, दोन दिवसांत जातो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खरंच गेला. पण हे आधी कुणी का नाही सांगितलं? ही दुसरी तक्रार. एवढं सगळं सांगितलं आणि जे हमखास होतं तेच राहिलं.

रात्रपाळीच्या मावशींचं नाव मी बाईंकडे खास घेतलं. पहाटे पाचला त्यांनी मला उठवलं, सरळ उठू नका म्हणाल्या, आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग कोपरावर जोर द्या, पोटावर नाही. एका हातात माझ्या कॅथेटरची, म्हणजे लघवीसाठी घातलेल्या नळीची, थैली, दुसऱ्या हातात माझा दंड, व्हरांड्याच्या टोकापर्यंत नेलं आणि परत आणलं. "चाललात की गॅस सुटतो आणि गॅस सुटला की चहा." सहा वाजता चहा मिळाला. नऊला कॅथेटर काढलं. पोटावर चार छोटे छेद, एक बेंबीत, तीन इकडे तिकडे, प्रत्येकाला एक-दोन टाके. जाऊबाईंचं २००९ मध्ये पोट उघडून झालं होतं, सहा दिवस हॉस्पिटल, टाक्याला पाणी झालं, दीड महिना पलंग. त्या माझं पोट बघून गप्पच बसल्या, मग म्हणाल्या मला तेव्हा कुणी विचारलंच नाही गं.

तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज. बिल १ लाख ३८ हजार, आधी सांगितलं होतं १ लाख ३० पर्यंत, वाढलं ते सिस्टच्या कामाचं आणि सामानाचं, हिशोब नीट दिला. मेडिक्लेम कॅशलेस होता पण मंजुरी यायला सकाळी दहापासून दुपारी साडेचार झाले, तेवढा वेळ कपडे घालून बेडच्या कडेला बसून होते. यात हॉस्पिटलचा दोष कमी, इन्शुरन्सवाल्यांचा जास्त. एक सांगते, बऱ्याच पॉलिसीत पिशवीच्या ऑपरेशनला दोन वर्षं थांबायची अट असते, आमची पाच वर्षं जुनी म्हणून निभावलं, तुमची नवी असेल तर आधी कागद काढून बघा.

आता घरी आल्यानंतरचं, कारण हे कुणी लिहीत नाही. दुर्बीण, खालून, बिनटाक्याचं, काहीही म्हणा, आत जिथून पिशवी काढलीय तिथे टाके असतातच. बाहेर चार ठिपके दिसतात म्हणून आपल्याला वाटतं झालं बरं. दहाव्या दिवशी मी इतकी ठणठणीत होते की स्वयंपाक करत होते. सोळाव्या दिवशी केंद्रावर चक्कर मारली, कणकेची परात जरा सरकवली, उचललीसुद्धा नाही, नुसती सरकवली, आणि संध्याकाळी लाल डाग दिसले. जीव गेला माझा. बाईंना व्हॉट्सअ‍ॅप केलं, वीस मिनिटांत त्यांचाच फोन, किती आहे, ताप आहे का, वास आहे का, सगळं विचारलं, दुसऱ्या दिवशी बोलावून तपासलं, टाके शाबूत होते. पण खडसावलं व्यवस्थित. सहा आठवडे म्हणजे सहा आठवडे, पाण्याची कळशी नाही, आट्याची गोणी नाही, आणि नवराबायकोचे संबंध तर बाईंनी तपासून हो म्हटल्याशिवाय नाही, कारण आतले टाके सुटणं वाईट असतं आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनात ती भीती जरा जास्तच असते. लवकर घरी म्हणजे लवकर कामाला असं नाही, हे ह्यांनाही समोर बसवून सांगा असं मी बाईंना म्हटलं, त्यांनी सांगितलं, तेव्हापासून परात ते उचलतात.

पॅथॉलॉजी रिपोर्ट बारा दिवसांनी आला, अ‍ॅडेनोमायोसिसच, कॅन्सर नाही, पिशवीचं वजन ३१० ग्रॅम. बीजकोश राहिल्यामुळे घाम फुटणं, तळमळ असलं काही नाही. हिमोग्लोबिन आता १२.४. बेंबीतला टाका दिसत पण नाही. मागच्या आठवड्यात तुळशीबागेत पांढरा कुर्ता घेतला, तीन वर्षांत पहिला.

पाचपैकी चार. एक स्टार त्या फॉर्मचा आणि खांद्याचा. सहा आठवड्यांच्या चेकअपला दोन्ही सांगितलं, बाईंनी डायरीत लिहून घेतलं आणि म्हणाल्या मराठी फॉर्म करून घेते, तुम्हीच आधी वाचून सांगा कळतोय का. पुढच्या महिन्यात सोनोग्राफीला जायचंय, तेव्हा काउंटरवर तो मागणार आहे, मिळाला की इथेच लिहीन.